सत्त्याण्णव टक्के रिकामा

नशिराबाद,
२ मे २०२३

प्रिय हेमांगी,

पॉलिटेक्निक सुटल्यानंतर आपण एकमेकांना पत्र लिहिण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पण ऑफिसच्या ग्रुपवर अध्यक्षांबद्दल मी टाकलेला विनोद माझ्या नावासकट अध्यक्षांपर्यंत पोचला, तेव्हापासून मोबाईलवर मी फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहितो. आपल्या तेलबिया संघाची टपालाची जीप दर मंगळवारी आणि शुक्रवारी जळगावहून धुळ्याला जाऊन येते. तिचा ड्रायव्हर बबलू माझा दोस्त आहे. लिफाफा तो तुझ्याच हातात देईल.

तर ऐक. आपले अध्यक्ष लोटनआबा अभ्यास दौऱ्यावर बंगळूरला गेले होते. दौऱ्यात अभ्यास किती झाला ते त्यांनाच ठाऊक, पण तिथल्या एका कंपनीत त्यांनी भिंतीवर मोठा पडदा पाहिला. त्यावर रंगीत रेषा धावत होत्या आणि सगळे साहेब त्याकडे पाहून माना हलवत होते. आल्या आल्या आबांनी मला बोलावून सांगितलं, असा पडदा आपल्याकडेही पाहिजे.

काम अवघड नव्हतं. आपल्या युनिक्स सर्व्हरच्या पोटात ही सोय आधीपासून आहे, फक्त कोणी चालू केली नव्हती. आता दर दहा मिनिटांनी मशीन स्वतःची नाडी तपासून लिहून ठेवतं: प्रोसेसरने किती काम केलं, मेमरी किती उरली, डिस्कवर किती ताण आला. त्याचा आलेख काढून मी स्वागतकक्षातल्या टीव्हीवर लावला. त्या टीव्हीवर आजवर फक्त क्रिकेट पाहिलं गेलं होतं, त्यामुळे निम्मा स्टाफ माझ्यावर चिडला.

काल महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झालं आणि लगेच उद्घाटन. नारळ फुटला, पाणी टीव्हीवर उडालं, पडदा सरकला. रेषा तळाशी आडवी पडलेली होती आणि खाली आकडे: काम तीन टक्के, रिकामा सत्त्याण्णव टक्के. खरं सांगतो, मला त्या आकड्याचा अभिमान वाटत होता.

आबांनी आकडे दोनदा वाचले. मग म्हणाले, "हाऊ सत्त्यान्नव टक्के रिकामा शे? मंग याले लाईट कसाले देतस आपन?"

मी समजावलं, की लग्नाच्या पंगतीत वाढपी मोकळा उभा दिसला तर समजावं कोणाचं पान रिकामं नाही. खिडकीवर शेतकरी आला की मशीन लगेच पावती देतं, म्हणून ते बाकी वेळ मोकळं असतं. आबा म्हणाले, मोकळा वाढपी दिसला तर ते त्याला भांडी घासायला बसवतात.

मला हसू येत नाहीये. माझा अकरा महिन्यांचा करार एकतीस मेला संपतो आणि सही आबांची लागते. ती मिळाली नाही तर पुन्हा सुरत. तिथे मी चार वर्षं काढली आहेत. परत आलो तेव्हा माझी लेक आयत मला पाहून आईच्या, जीनतच्या, मागे लपली होती. आता ती माझ्या ताटात जेवते.

तुमच्याकडेही पडदा लावायचा आदेश निघालाय. तुझा आकडा काय येतो ते कळव. दोन्ही मशीन एकाच वेळी घेतलेली, एकच प्रोग्रॅम चालवणारी. तुझंही रिकामंच निघेल आणि आबांना पटेल.

तुझा,
अतिक


देवपूर, धुळे,
५ मे २०२३

अतिक,

पत्र मिळालं. तू कळवलंस तसंच सगळं लावलं. आमच्याकडे टीव्ही नाही. नवल साहेब म्हणाले, आलेख छापून बोर्डावर लाव. तुला आमचे विभागीय व्यवस्थापक ठाऊक आहेतच. बोर्डावर लागलेल्या कागदावर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास.

आमचा आकडा अठ्ठ्याण्णव टक्के काम असा आला. मी पाहीपर्यंत साहेबांनी आबांना फोन लावला होता आणि पेढेही मागवले होते. इतकं काम कुठून आलं म्हणून मला विचारू नकोस. उन्हाळी भुईमूग येतोय, हंगाम आहे. मशीनला हात लावायला साहेब देत नाहीत, म्हणतात चालत्या गाडीला खीळ नको.

आबांचं फार मनावर घेऊ नकोस. आठवड्याने ते दुसऱ्या कशाच्या तरी मागे लागतील. जीनतने पाठवलेलं लोणचं सासूबाईंना इतकं आवडलं, की त्यांनी बरणी स्वतःच्या कपाटात ठेवली आहे. आम्हाला वासावर भाकरी खावी लागते.

हेमांगी


नशिराबाद,
९ मे २०२३

प्रिय हेमांगी,

तुझ्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी इथे माझी वाट लावली आहे. आबा दिवसातून दोनदा टीव्हीसमोर उभे राहतात, मग माझ्या टेबलापाशी येऊन धुळ्याचं नाव काढतात. पाहुण्यांना सांगतात, "धुळानं मशीन मरमर मरस, आमनं आठे झोपस."

सोमवारी कहर झाला. आस्थापना विभागातल्या सारिका मॅडमना आबांनी सांगितलं, सर्व्हरवर कारवाई करा. मॅडमकडे कारवाईचा एकच नमुना आहे, तो माणसांचा. त्यांनी त्यातच नाव भरलं. नोटीस मी जशीच्या तशी उतरवतो:

"श्री. सर्व्हर, संगणक कक्ष, यांस. आपण कार्यालयीन वेळेत सत्त्याण्णव टक्के काळ निष्क्रिय आढळून आला आहात. सबब आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कार्यवाही का करण्यात येऊ नये, याचा लेखी खुलासा सादर करावा."

मॅडमना भेटून मी म्हटलं, हे यंत्र आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण आवक-जावक क्रमांक पडलाय, आता उत्तर लागेलच. मग मीच त्याच्या वतीने लिहिलं: मी नेमणुकीपासून एकही रजा घेतलेली नाही. जेवणाच्या सुट्टीत व सणावारीही हजर असतो. चहाला जात नाही. माझ्याकडे आलेलं कोणतंही काम मी उद्यावर ढकललेलं नाही. संध्याकाळी खुलासा परत आला. शेरा होता: असमाधानकारक, संबंधिताची सही नाही.

इथपर्यंत मी मजेत सांगत होतो. आज आबांनी ठरावाचा मसुदा काढला. एक जूनपासून दोन्ही कार्यालयांचं काम एकाच सर्व्हरवर. जो जास्त राबतो तो राहणार. दुसऱ्याचा संगणक कक्ष बंद. म्हणजे तुझं मशीन राहील आणि मी जाईन. तू कायम आहेस, तुझ्या नोकरीला काही होणार नाही, याचा मला आनंदच आहे. पण मला कळत नाही, धुळ्याला आवक आमच्या निम्मी आणि काम तीसपटीहून जास्त, हे कसं?

भावाने सुरतेत खोली पाहून ठेवली आहे. जीनतने माझी जुनी बॅग न सांगता उन्हात टाकली आहे, हे वाईट लक्षण आहे.

अतिक


देवपूर, धुळे,
१६ मे २०२३

अतिक,

शुक्रवारच्या जीपला पत्र दिलं नाही, कारण काय लिहावं सुचलं नाही.

इथे सत्काराची तयारी चालू आहे. कोणाचा म्हणशील तर आमच्या सर्व्हरचा. पंचवीस तारखेला आबा येणार, शाल, श्रीफळ, हार, मंडप, सगळं. निमंत्रणपत्रिकेवर सत्कारमूर्तीचा फोटो हवा म्हणून साहेबांनी फोटोग्राफर आणला. तो मशीनला म्हणाला, जरा इकडे. मी बाहेर जाऊन हसून आले.

खिडकीसमोर रांग मोठी असते. पावती निघेपर्यंत माणूस चहा पिऊन येतो आणि कधी कधी दुसराही पितो. साहेबांना ही रांगही भूषणाची वाटते. पाहुण्यांना दाखवतात, पाहा आपल्याकडे कामाचा लोड किती. गेटवरच्या चहावाल्याने दुसरा स्टोव्ह घेतलाय.

तुला एक सुचवते. तूही काहीतरी चालव. मशीनला आकडे मोजायला लाव, कोणाला कळणार आहे. आलेख वर गेला की आबा खूश. दोन्ही मशीन सारखी राबताना दिसली तर एक बंद करायला कारण उरणार नाही. माझं ऐक.

हेमांगी


नशिराबाद,
१९ मे २०२३

हेमांगी,

तुझं ऐकलं. बुधवारी सकाळी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो एकपासून मोजत जातो, कंटाळत नाही आणि मोजलेलं लक्षात ठेवत नाही. आपल्या संचालक मंडळात सहज खपला असता.

रेषा सरळ वर चढली. आबांनी सगळ्यांना टीव्हीसमोर बोलावलं, माझ्या पाठीवर थाप मारली आणि मी सुधारलो असं जाहीर केलं, "पोऱ्या सुधरना." सारिका मॅडमनी नोटीस मागे घेतल्याचं पत्रही टंकायला घेतलं. मी घरी फोन करून जीनतला सांगितलं, बहुतेक जमलं. ती कितीतरी दिवसांनी फोनवर हसली.

तोपर्यंत खिडकीवर पावत्या अडकू लागल्या होत्या. आपलं जुनं मशीन, एकच प्रोसेसर, तो मोजण्यात गुंतलेला. सातपुड्याच्या पायथ्याकडून धना पावरा नावाचा शेतकरी भाड्याच्या टेम्पोत तीळ घेऊन आला होता. माल मोजून झाला, पण पावती निघेना, आणि पावतीशिवाय गेट सुटत नाही. डोक्यावर टॉवेल टाकून तो उन्हात उभा होता. मागे रांग वाढत गेली. मी आत पंख्याखाली आलेखाकडे पाहत होतो. मग धना टेम्पोच्या चाकाला टेकून खाली बसला आणि त्याच्या बायकोने आरडाओरड केली. ऊन लागलं होतं. पाणी पाजलं, सावलीत नेलं, माणूस सावरला. मी आत येऊन प्रोग्रॅम बंद केला. पाहता पाहता रांग संपली.

रेषा खाली आलेली पाहून आबा आत आले. विचारलं, मशीन परत बसलं का. मी म्हटलं, "हो आबा. बसलं." ते वळून निघून गेले. माझ्या सहीचं काय होणार ते मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

आता तुला विचारतो. माझ्याकडे बुधवारी सकाळी जे झालं, तेच तुझ्याकडे रोज होतंय. तीच रांग, तोच उशीर, तीच वर चढलेली रेषा. तुझ्या मशीनवर काम नाही, हेमांगी, त्याच्या डोक्यावर काहीतरी बसलंय. तुला पॉलिटेक्निकपासून ओळखतो. चालू प्रोग्रॅमची यादी काढायला तुला जांभई देण्याइतकाही वेळ लागत नाही. तू पाहिली नसशील यावर माझा विश्वास बसत नाही.

पाहिलीस का?

अतिक


देवपूर, धुळे,
२६ मे २०२३

अतिक,

हो, पाहिली होती. पहिल्याच दिवशी. वार्षिक अहवाल छापायचा एक जुना प्रोग्रॅम आहे. त्याचा प्रिंटर कधीच भंगारात गेला. कोणीतरी तो अहवाल मागवला आणि तेव्हापासून प्रोग्रॅम त्या प्रिंटरला शोधत गरगर फिरतोय. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, त्याला हात लावलास तर सातपुड्याच्या पायथ्याच्या केंद्रावर बदली. सासूबाई एकट्या, यांची नोकरी नाशिकला. मी घाबरले. घाबरले आणि तुला लोणच्याबद्दल लिहीत बसले.

काल काय झालं ते सांगते.

मशीनच्या खोलीत आबा, साहेब, संचालक, फोटोग्राफर आणि मंडपात न मावलेले सगळे शिरले. एसी होता, पण दार उघडंच राहिलं. कपाळ कुठलं या प्रश्नावर थोडी चर्चा होऊन समोरच्या जाळीला कुंकू लागलं. हार घातला. शाल खांद्यावर टाकायची, पण खांदा सापडेना, म्हणून साहेबांनी मशीन पूर्णच झाकलं आणि वर नारळ ठेवला. मी म्हटलं, साहेब, हवा लागायला हवी. ते म्हणाले, मानाची शाल आहे, लगेच काढणं बरं दिसत नाही.

आबांचं भाषण रंगलं. न थकता, न बोलता, घड्याळाकडे न पाहता राबणारा असा सेवक संघाला पहिल्यांदाच लाभला, वगैरे. मशीन आधीच तापलेलं, त्यात शाल. पंख्याचा आवाज वाढत गेला, आबांना वाटलं साथ देतोय, त्यांनीही आवाज चढवला. मग एकदम शांतता. मशीनवरचे सगळे दिवे गेले. मागून कोणीतरी म्हणालं, भावुक झाला.

मी शाल काढली, नारळ साहेबांच्या हातात दिला, मशीन निवू दिलं आणि पुन्हा चालू केलं. बंद पडलं तेव्हा तो फिरणारा प्रोग्रॅमही गेला होता. खिडकीवर अडकलेल्या पावत्या भराभर निघाल्या. माझ्या स्क्रीनवर रेषा खाली आली आणि तळाशी पडून राहिली. साहेब कानाशी आले आणि हळूच म्हणाले, ते मघाचं परत चालू कर.

मी नाही म्हटलं. कसं म्हटलं माहीत नाही. 

तेवढ्यात खिडकीत एक बाई आली. रेशमाबाई, शिरपूरकडची, दर खेपेला दुपार उलटेपर्यंत इथे बसलेली असते. तिने आत डोकावून विचारलं, "आबा, बठ्ठी लाईन सरी गयी. मशीन बिघडी गयं का?"

 आबांनी बाहेर पाहिलं. बाहेर रांग नव्हती, नुसत्या चपलांच्या खुणा होत्या. ते माझ्याकडे वळले तेव्हा मी बोलले. "आबा, बिघडलेलं होतं, आता नीट झालंय. अतिकचं मशीन पहिल्या दिवसापासून असंच चालतंय. लोकांचं काम लगेच होतं, म्हणून ते रिकामं दिसतं."

आबा म्हणाले, "म्हंजे तो पोऱ्या खरं सांगे?" मी हो म्हटलं. ते तसेच गाडीत जाऊन बसले. जेवणही केलं नाही, पंगत तशीच राहिली. साहेबांनी आज माझ्या बदलीचा प्रस्ताव लिहायला घेतलाय. ते मी बघेन. तुझं काय झालं ते कळव.

हेमांगी


नशिराबाद,
३० मे २०२३

हेमांगी,

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस रागात होतो. अजूनही आहे. तुझी भीती मला कळते, मी स्वतः महिनाभर त्याच भीतीत झोपलोय. पण रांग तुझ्या खिडकीसमोर होती, आणि आकडे मोजायला लावायचा सल्लाही तुझाच. धना पावरा उठून बसला म्हणून मी आज हे लिहू शकतोय. रागाचं एवढंच. बाकी, सगळ्यांसमोर तू जे बोललीस ते बोलायला मला जमलं नसतं. जीनतने ते पत्र दोनदा वाचून घेतलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली.

आता इकडचं. लोटनआबा चुकले असं लोटनआबा म्हणणार नाहीत, हे तुला ठाऊक आहे. त्यांनी शनिवारी सभा घेतली आणि जाहीर केलं, की रिकामेपणा हेच चांगल्या कारभाराचं लक्षण आहे, आणि हा विचार त्यांना बंगळूरलाच सुचला होता. एकाच सर्व्हरचा ठराव बारगळला. दोन्ही कक्ष राहतील. नवल साहेबांना विचारणा झाली, की धुळ्याचं मशीन इतके दिवस काम का करत होतं. त्यामुळे सध्या ते तुझ्या बदलीपेक्षा स्वतःच्या खुलाशात गुंतलेले असतील.

आबांचं म्हणणं स्टाफने तर मनावरच घेतलं आहे. रोखपाल दुपारी डोळे मिटून बसतात आणि विचारलं तर टीव्हीकडे बोट दाखवतात. संचालक म्हणतात, आम्ही इतकी वर्षं संस्था आदर्श पद्धतीने चालवत होतो, फक्त मोजायला कोणी नव्हतं.

आज सारिका मॅडमनी माझा नवा करार दिला. आबांची सही आहे. शेवटी एक अट हाताने वाढवली आहे: "सर्व्हर किमान सत्त्याण्णव टक्के रिकामा ठेवण्याची जबाबदारी संबंधित कर्मचाऱ्याची राहील. त्यात घट झाल्यास सेवा समाप्त करण्यात येईल." मी मॅडमना म्हटलं, पुढच्या आठवड्यात खरिपाच्या बियाण्याची गर्दी सुरू होईल, मशीनला खरोखर काम पडेल, आकडा उतरणारच. त्या म्हणाल्या, तेव्हाचं तेव्हा पाहू, आधी सही करा.

केली सही. सुरतेत बसून लेक मोबाईलवर मोठी होताना पाहण्यापेक्षा, मशीनने काम केलं म्हणून नोटीस घ्यायला मी तयार आहे.

तुझा,
अतिक